'विधवा राहील तोवर'

प्रिय डॉर्कस,

तुझं पत्र पोचलं. वाचून आधी रडले, मग चिडले, आणि त्याच तिरमिरीत लिहायला बसले आहे. माझ्या आणि आपल्या कारखान्यातल्या रूबेनच्या लग्नाची बातमी तुझ्या सासरी जेबेझकाकांनी पोचवली, हे कळलं. त्यांच्या गिरणीत गव्हापेक्षा गावाच्या चौकश्याच जास्त दळल्या जातात. बाकी इकडे ठीक आहे. डुकरीण व्यायली, सफरचंदांना बहर चांगला आहे, आणि कारखान्यात दोन गाड्यांची चाकं तयार होत आहेत. तापवलेली लोखंडी धाव चाकावर बसली की पाणी मीच ओतते. धगीनं भुवया जळल्यात, तेवढंच.

तुझ्या बाबांच्या शेवटच्या आजारात तू इथे नव्हतीस, म्हणून सांगते. मृत्युपत्र करायला वकील आले. आपल्याकडे ते कसं असतं, तुला ठाऊकच आहे: घर आणि धंदा बायकोला, 'ती माझी विधवा राहील तोवर'; पुन्हा लग्न केलं की सगळं नवऱ्याच्या घराण्यातल्या पुरुषांकडे. तुझ्या आजोबांच्या मृत्युपत्रात तेच होतं, पणजोबांच्याही. छप्पर जाईल या भीतीनं तुझ्या आजीनं एका भल्या माणसाच्या मागणीला नकार दिला आणि मरेपर्यंत थोरल्या सुनेची बोलणी खात चुलीशी बसली. बाबांनी ते लहानपणापासून पाहिलं होतं. वकिलांनी सवयीनं ते वाक्य लिहून वाचून दाखवलं, तसा बाबांनी हात वर केला.

"ते खोडा. मी गेल्यावर ती कुणाशी लग्न करते, यावर तिचं छप्पर टांगून ठेवायचं नाही."

असं कुणी करत नाही, पुढचा नवरा सगळं गिळून बसेल, असं वकील म्हणाले. त्यावर बाबा म्हणाले, "मग तेही लिहा, की त्याला त्यातला खिळासुद्धा मिळायचा नाही. थिर्झाचं ते थिर्झाचं, आणि तिच्यामागे डॉर्कसचं."

खरं सांगू? मला राग आला. माणूस अजून अंथरुणात आहे आणि माझं दुसरं लग्न लावायला निघाला आहे, म्हणून वकील गेल्यावर मी त्यांच्याशी कडाडून भांडले. ते हसले, खोकले, आणि म्हणाले, "नको करूस मग. पण न करणं तुझं असू दे, माझं नको." डॉर्कस, त्या माणसावर मी जन्मभर प्रेम केलं, पण त्या दिवसाइतकं कधी केलं नसेल. अर्थात तेव्हा तोंड फिरवून बसले.

दफनाच्या दिवशी मृत्युपत्र सगळ्यांसमोर वाचलं. काका तिथेच बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून मान डोलवत. जन्मभर प्रत्येक मृत्युपत्रात ऐकलेलं ते वाक्य त्यांनी याही वेळी ऐकलं, नसताना! म्हणून तर रूबेनचं नाव माझ्या नावाशी जोडलेलं कानावर आलं, तसे ते स्वतःच्या मुलाचा बिछाना, हत्यारं, घमेली गाडीत घालून थेट आपल्या फाटकाशी आले. किल्ल्या मागितल्या. मी म्हटलं, भावोजी, वकिलांना बोलावू या. वकिलांनी फाटकातच कागद उघडून वाचला. काकांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग वकिलांनाच म्हणाले, "तुम्ही एक ओळ लिहायला विसरलात." अख्खी गल्ली बघत होती. बिछान्यासकट गाडी परत गेली. चाकं आपल्याच कारखान्यातली, म्हणून निदान वाटेत मोडली नाहीत.

आता तुझं म्हणणं. बाबांची माती अजून ओली आहे, लोक काय म्हणतील, आणि कारखाना चालवायला पुरुष हवा म्हणून मी हे करते आहे. तिसरी गोष्ट मला लागली. बाई, कारागीर हवा तर तो मजुरी देऊन ठेवता येतो, आणि रूबेन बाबांच्या वेळेपासून आहेच. मला तो जेवणाच्या टेबलाशी हवा आहे. त्याच्याशी बोलताना मी हसते. त्याच्याकडे पैसा नाही. माझ्या घरावर त्याला हक्क मिळणार नाही, हे त्याला वकिलांनी समोर बसवून सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, निदान घरासाठी लग्न केलं असं म्हणता येणार नाही, लोक मला दुसरं काहीतरी बोलतील.

तर आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. येत्या रविवारपासून तीन रविवार चर्चमध्ये पाद्री आमची दोघांची नावं पुकारतील आणि विचारतील, या लग्नाला कुणाची हरकत आहे का. काका पहिल्या बाकावर असतील. असू देत. तुझी हरकत असेल तर ती पत्रातून कळवू नकोस. ये, उभी राहा, आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं सांग. मी ऐकेन, आणि तरीही तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी लग्न करेन. नसेल तर त्या सोमवारी ये. माझ्या शेजारी उभं राहायला मला माझी मुलगी हवी आहे. परवानगी मागत नाही, तुला बोलावते आहे.

तुझीच हट्टी,
आई