कोरलसोबत आलेलं तपकिरी फूल

मंगळवार, संध्याकाळ

माशांच्या टाकीतल्या दगडावर जिथे बघावं तिथे तपकिरी फुलं!

गेल्या महिन्यात नव्या कोरलला चिकटून ते एकच फूल आलं होतं. फुकट मिळालं म्हणून मी किती खूश! मग दुकानदाराला फोटो पाठवला, तर म्हणाला, ‘मॅडम, ये फूल नहीं, जानवर है. कोरल को डंक मारेगा.’ जनावर? आणि मी त्याला हौसेनं कोळंबी भरवत होते!

हे ऐकून आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, लगेच कोयती काढली. खाडीतली कालवं खडकावरून काढतात तसं ते फूल टाकीतच खरवडलं. ‘झाला. आता न्हाय येत.’

आज दुकानदाराला सांगितलं, तर तो ओरडलाच. त्या फुलाचा एवढासा तुकडा राहिला तरी नवं जनावर होतं म्हणे. म्हणजे आम्ही ते मारलं नाही, पेरलं?

आप्पा काचेला नाक लावून बघत राहिले. ‘खाडीत जन्म गेला माझा, पन मेलेला असा उगवताना बघितला न्हाय.’

वाटलं, आता तरी पटलं. तर हळूच विचारतात, ‘सूनबाई, कोयती कुठं ठेवलीस?’