आत्ती बिझनेस क्लासमध्ये बसली तो दिवस

प्रिय आत्ती,

पुढच्या महिन्यात तुला जाऊन दोन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला पत्रांचा कंटाळा! "फोन कर की, कागद कशाला काळं करतीस?" म्हणायचीस. पण आज लिहिणार आहे. परवा कंपनीनं मला केबिनची इन-चार्ज केलं. आता विमानाच्या पुढच्या दारापासून शेपटीपर्यंत सगळे वर्ग, सगळी माणसं माझ्या जबाबदारीवर! राजारामपुरीत आपल्या बिल्डिंगीच्या सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. घरी येऊन टेकले आणि लक्षात आलं, जिला सगळ्यात आधी सांगायचं तिलाच सांगितलं नाही.

मी मुलाखतीला निघाले तेव्हा थोरले काका काय म्हणाले होते, आठवतं? "एवढी शिकून पोरगी इमानात पानी वाटत फिरणार व्हय?" आई गेल्यापासून मला वाढवलेलं तू, म्हणून सगळे तुझ्याकडं बघत होते. तू पदराला हात पुसत म्हणालीस, "वाटू दे की! तीनशे मानूस तिच्या भरवशावर आभाळात बसणार हाय. तुमच्या भरवशावर ट्रॅक्टरात तरी कोण बसतंय का?" काका वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत!

चंदगडच्या काजू कारखान्यात तीस वर्षं काढलीस. टरफलाच्या तेलानं काळी पडलेली तुझी बोटं कोल्हापुरात राहायला आल्यावरही तशीच राहिली. आणि बोलणंही. ट्रेनिंगमध्ये माझं आपल्याकडच्या बायकांचं 'मी येतो, मी जातो' सुटलं, तुझं शेवटपर्यंत नाही सुटलं.

विनूदादाची बायको लंडनला बाळंत व्हायची होती, म्हणून लेकाकडं निघालीस. विमानात ड्युटी माझीच. तुझं तिकीट माझ्या नोकरीवरचं, म्हणजे जागा उरली तरच मिळणार. मागं इकॉनॉमी खच्चून भरलेली. पुढं बिझनेस क्लासमध्ये एकच सीट रिकामी राहिली, ती आमच्या तेव्हाच्या इन-चार्ज मॅडमनी तुला दिली. बटण दाबल्यावर सीट आडवी झाली तशी तू दचकून ओरडलीस, "अगं, ही तर खाट हाय!"

गरम टॉवेलनं तोंड पुसून, त्याची घडी घालून माझ्या हातात देत हळूच विचारलंस, "मागच्यास्नी बी हे देत्यात?"

"नाही आत्ती. पुढच्यांनाच."

"आन् जेवान?"

"मागं डब्यात, पुढं चिनीमातीच्या ताटात."

"मग ही पुढची मानसं लवकर पोचत्यात व्हय?"

किती हसले होते मी! आणि पाचच मिनिटांत ते हसू पार मावळलं.

तुझ्या शेजारच्या सुटातल्या गृहस्थांनी मला बोलावलं. तुझ्या इरकली लुगड्याकडं, स्वेटरकडं, बोटांकडं बघत इंग्रजीत विचारलं, "या बाईंची सीट नक्की हीच आहे ना?" मी काय म्हणाले? "हो सर, कंपनीनंच त्यांना इथं बसवलंय." बास. एवढंच. ही माझी आत्ती आहे, हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. कशाला घाबरले होते गं मी? युनिफॉर्मला? त्या माणसाला? आजही मला धड सांगता येत नाही.

नंतर वाटीतून कोमट काजू आले. तू एक उचललास, उजेडाकडं धरलास, दातांनी अर्धा केलास आणि त्याच गृहस्थांना तुझ्या हिंदीत म्हणालीस, "साहेब, माल अख्खा है, लेकिन पुराना है."

ते चकित! "आपको कैसे पता?"

"तीस साल यहीच काम किया." आणि तू दोन्ही हात त्यांच्यापुढं पसरलेस. आत्ती, जे हात मी लपवू बघत होते, ते तू असे सरळ पुढं केलेस! ते सद्गृहस्थ किती वेळ तुला कारखान्याबद्दल विचारत बसले. मग म्हणाले, "अकेली जा रही हैं?"

"हां, अकेली."

मी तिथंच ट्रे घेऊन उभी होते. तू बाथरूमला उठलीस तेव्हा पडद्यामागं तुला गाठलं. "एकटी का म्हणालीस?"

"तू कामावर हायस. माझ्यापायी तुला कोन बोललं म्हंजे?"

"पण..."

"त्यानं मघाशी काय इचारलं ते कळलं न्हाय व्हय मला? इंग्रजी कळत न्हाय, मानूस कळतोय की! जा, काम कर. मी पाशिंजर हाय."

रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू तर मलाच सांभाळून घेत होतीस.

विमान खाली यायला लागलं. पट्टे तपासत मी तुझ्यापाशी आले, गुडघ्यावर बसले आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आत्ती, पट्टा घट्ट बांधलास न्हवं?" मग त्या गृहस्थांकडं वळून म्हणाले, "सर, या माझ्या आत्या. मला यांनीच वाढवलंय." त्यांचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाले, "माफ कीजिए, माँजी." आणि तू? "माफी नको, उतरताना वरची बॅग काढून द्या," म्हणालीस! त्यांनी ती नुसती काढली नाही, दारापर्यंत आणून दिली. मी दारात उभी होते. तू ताठ मानेनं माझ्यासमोरून गेलीस आणि जाता जाता सगळ्यांदेखत माझ्या गालावरून हात फिरवलास.

परत आल्यावर आपल्या बिल्डिंगीत काय सांगत सुटलीस? खाटेचं नाही, चिनीमातीच्या ताटाचं नाही. "आमची वैशी नुस्ती हुबी ऱ्हायली आन् भल्याभल्या सायबांनी पट्टं बांधलं!"

एका गोष्टीसाठी मात्र मी तुझ्यावर रागावले आहे. माझी ड्युटी चुकू नये म्हणून तू शेवटचं दुखणं लपवलंस. मी विमानातून उतरले तेव्हा तू गेली होतीस. असं करतात का गं?

तुझ्या दिवसांना चंदगडहून शेवंतामावशी आली होती. कारखान्यात तुझ्या शेजारी बसायची ती. डोळे पुसत म्हणाली, "तिचं नशीब. आम्हास्नी कोन बसवून घेतंय इमानात?"

तिला उत्तर आता देते. दिवाळीनंतर शेवंतामावशीला आणि तुझ्या आणखी तिघी मैत्रिणींना मी मुंबईहून दिल्लीला नेणार आहे, माझ्याच विमानातून. सीट अगदी मागच्या असल्या तरी चालतील. पण त्या दारातून आत आल्या की माझ्या हाताखालच्या सगळ्या मुलींना मी आधी त्यांची ओळख करून देणार, पुढच्या रांगेतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: ही माझी माणसं आहेत. शब्द देते, आत्ती.

तुझीच,
वैशी