सगळ्यांचं स्वागत आहे

रॉइस, शहाण्या,

टेक्सासात पोकरचा क्लब काढायचा तर जागा खाजगी हवी, डावातला एक छदामही मालकाने घ्यायचा नाही आणि जिंकायची संधी सगळ्यांना सारखी हवी. वकिलीणबाईंनी मला समजावलं, मी तुला उठता-बसता समजावलं. सभासद नाही म्हणून मी पाद्रीबाबांच्या मेव्हण्यालासुद्धा दारातून परत पाठवलं. आख्खं चर्च माझ्याशी बोलेनासं झालं, तरी मी बधले नाही.

आणि तू? मी दाताच्या डॉक्टरकडे गेले, तेवढ्यात हमरस्त्यावर पाटी ठोकलीस: "या, सगळ्यांचं स्वागत आहे." शेरीफचा माणूस साध्या कपड्यांत आला, तर त्याचं नावही न विचारता पुढ्यात भाजलेल्या ब्रिस्केटच्या मांसाचं ताट ठेवलंस. तो बिचारा म्हणालासुद्धा, "मी सभासद नाही बरं का." त्यावर तू म्हणालास, "बसा हो, इथे कोण परकं आहे?"

सगळ्यांना उघडं असलेलं दार खाजगी नसतं, रॉइस. आता क्लबला कुलूप आहे आणि आरोपी मी आहे.

वर मलाच ऐकवतोस, "दारी आलेल्याला हाकलू नये, असं डॅडीच सांगायचे." डॅडींनी पत्त्यांचा क्लब काढला नव्हता.

खटला संपेपर्यंत तुझ्याशी अवाक्षर बोलायचं नाही, असं वकिलीणबाईंनी बजावलंय, म्हणून हे पत्र टाकत नाही. तुझी पाटी मात्र मी माझ्या घराच्या दारावर लावलीये. खाली एवढंच रंगवलंय: रॉइस सोडून.

नाइलाजाने तुझीच बहीण,
व्हर्लीन