बिनचहाचे दिवस

८ जानेवारी, कंधार
छातीत पुन्हा धडधड! गल्ल्यावर बसल्या बसल्या हात थरथरले, बशी फुटली. हे म्हणाले, "चहा घे, बरं वाटल." घेतला. सकाळपासून कितवा, कोण मोजतंय! बसस्टँडसमोर हॉटेलच आपलं. पातेलं उतरलं की पहिली चव माझी.

९ जानेवारी
झोप नाही. त्यात दिवस वर गेलेत. यांना सांगितलं नाही. गेल्या वर्षी पेढे वाटले – आणि मग दवाखाना, रिकाम्या हातानं घरी. यावेळी कुण्णाला नाही!

१२ जानेवारी
माहेरी जाते म्हणून नांदेडला डॉक्टरीणबाईंकडे गेले. दिवस राहिलेत – खरंच! हृदयाची पट्टी काढली, ती नीट आली. मग विचारलं, "चहा किती पिता?" मी सांगत गेले, त्यांनी पेन खाली ठेवलं.
"धडधड, थरथर, झोप नाही – हे चहाचं. आता तर जपायलाच हवं. जास्त चहा-कॉफीनं गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाचं वजन कमी भरतं. दिवसाला दोन छोटे कप, बस्स."
"मग मागच्या वेळी –?"
"ते चहानंच झालं, असं नाही सांगता येत."
सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.

१३ जानेवारी
दोनसुद्धा नको, एकदम बंद! डोकं फुटून राहिलंय.

१५ जानेवारी
हे चिडले – "गिऱ्हाईक म्हणून राहिलंय चहा बदलला. चव का घेईनास?" म्हटलं, पित्त झालंय. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तिथंच आलं ठेचत होत्या. "पित्ताला काय होतंय? आम्ही जन्मभर पिलो!" कप हातातच दिला. मागच्या दारी जाऊन ओतला. स्वतःच्याच हॉटेलात चोरी!

१८ जानेवारी
झोप लागली काल. धडधड गेली. तर आता ही भीती – सगळं इतकं शांत कसं? सारखी न्हाणीत जाऊन कपडे बघते. काही नाही. काही नको, देवा.

२१ जानेवारी
यांच्याशी उगीच भांडले. नंतर रडले. सांगून टाकावं का? नको. नकोच.

२२ जानेवारी
आज गर्दीत आत्याबाईंनी माझ्यापुढं गरम दूध ठेवलं. कानाशी वाकल्या. "सांगू नको कुणाला. मी बी न्हाई सांगत." मग हळूच, यांचं नाव घेत – "गुरुलिंगाच्या आधी माझे बी दोन गेले. आजवर कुणाला बोलले न्हाई."