माझा पहिला ई-लर्निंग कोर्स

२ फेब्रुवारी, सोमवार
नोटीस लागली. एक मार्चपासून कामगारांचं सुरक्षा-ट्रेनिंग वर्गात होणार नाही, सगळं कॉम्प्युटरवर. म्हणजे अठरा वर्षं मी जिथे शिकवलं तो वर्ग बंद. खाली लिहिलंय: ई-लर्निंग डेव्हलपर, जागा एक, कंपनीतल्यांना प्राधान्य. कंपनीत ट्रेनर मी एकटाच. काळजीचं काही कारण नाही.
डबा अर्धा परत आणला. बायकोला सांगितलं, ऊन वाढलंय.

३ फेब्रुवारी
पात्रता नीट वाचली. पदविका किंवा तत्सम अनुभव. तत्सम म्हणजे मीच. स्टोरीबोर्ड, म्हणजे शेवटी फळाच. थोडं एचटीएमएल. थोडंच म्हटलंय, तेव्हा नसलं तरी चालत असणार. शेवटी 'स्कॉर्म' असा शब्द. टायपिंगची चूक. अर्जात मी 'स्कोअर' असा दुरुस्त करून दिला. बारकाईने वाचणारा माणूस आहे हे कळू दे त्यांना.

५ फेब्रुवारी, दुपारी ३
मॅनेजरबाईंनी बोलावलं. आजवर किती कोर्स बनवलेत, असं विचारलं. तीन, म्हणालो. तीन कुठून आले कोण जाणे. त्या म्हणाल्या, छान, मग पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनच्या सुरक्षेचा एक नमुना सोळा तारखेपर्यंत द्या, त्यावरूनच ठरवू.
बाहेर येऊन तीन ग्लास पाणी प्यायलो. पाणी तब्येतीला चांगलं.

७ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे साडेपाच ते साडेसात, कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर.

८ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
उघडलं. एवढी बटणं विमानात नसतील. काही बिघडायच्या आत बंद केलं. पहिल्या दिवशी ओळख झाली, पुरे.

१० फेब्रुवारी
आवाज रेकॉर्ड केला. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही असं एका व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून कपाटात बसून केला. बायको हॉस्पिटलची ड्युटी संपवून आली आणि तिने साडी काढायला दार उघडलं. अंधारात बसून 'आपले हात जपा' असं का म्हणताय, असं तिने शांतपणे विचारलं. प्रोफेशनल प्रॅक्टिस, म्हणालो. तिने मनगट धरून नाडी मोजली. एकशे अठरा. भीती वाटतेय का, म्हणाली. मी म्हटलं, तुझं घड्याळ पुढे आहे.

१२ फेब्रुवारी
रिसेप्शनवरच्या बाईंनीही अर्ज केलाय. संध्याकाळी क्लासला जाऊन त्यांनी वर्षभराची पदविका केली म्हणे. कुणाला पत्ता नाही. स्वतःहून विचारायला आल्या, काही अडलंय का. बोलता बोलता कळलं की स्कॉर्म ही चूक नव्हे. कोर्स ज्या पद्धतीने बांधून सिस्टीमवर चढवतात, म्हणजे कोण पास झालं ते तिला कळतं, त्या पद्धतीचं ते नाव. मला माहीत होतं, म्हणालो.
दिवसभर हात गार. एसी फार वाढवून ठेवतात.

१५ फेब्रुवारी, रविवार
कोर्स तयार. बावीस स्लाइड. अक्षरं गिरक्या घेत येतात. शेवटी दहा प्रश्न. प्रत्येक ठिकाणी बरोबर उत्तरावर खूण करायची असते, सगळीकडे केली. तपासलं नाही. ज्याला खात्री नसते तो तपासत बसतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी ६

मॅनेजरबाईंनी माझा कोर्स प्रेसवाल्या काकांना करायला दिला. सव्वीस वर्षं प्रेसवर, दहाही बोटं शाबूत. माझ्या पहिल्या बॅचचे. ते नापास झाले.
चहाच्या सुट्टीत माझ्याकडे आले. सर, म्हणाले, अडकलेला पत्रा कसा काढायचा विचारलं होतं. मशीन बंद करून, स्विचला कुलूप लावून काढीन, असं मी दाबलं. लाल फुली आली. हाताने ओढून काढा, हे बरोबर म्हणे. नियम बदलला का? इतकी वर्षं माझंच चुकत होतं का?
मी हसलो. कोर्सबद्दल शंका यायला नको म्हणून म्हणालो, कॉम्प्युटर सांगतो तेच धरा, काका.
ते मान डोलावून गेले. मग मी जागेवर येऊन तो प्रश्न उघडला. खूण माझीच. चुकीच्या ओळीवर.
पळालो. हॉलमध्ये प्रेस चालू, साच्यात पत्रा अडकलेला, आणि काका समोरची जाळी वर करून हात आत नेत होते. ओरडलो, पण मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. खांबावरचं लाल बटण दोन्ही हातांनी दाबलं.
मशीन जागच्या जागी थांबलं. काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं, उलटा करून पुन्हा पाहिलं. म्हणाले, सर, तुम्ही म्हणालात म्हणून.

१७ फेब्रुवारी
मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं. तीन कोर्स नाहीत, एकही नाही, तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, बाकीच्या नऊ प्रश्नांचं काय. माहीत नाही, म्हणालो. त्यांनी माझ्यासमोरच कोर्स काढून टाकला.
घरी बायकोलाही सांगितलं. दोन आठवडे जेवण जात नाही, छाती धडधडते, घाबरलोय. ती म्हणाली, आता कुठे खरं बोललात. नाडी काही मोजली नाही.

२० फेब्रुवारी
जागा रिसेप्शनच्या बाईंना मिळाली. मी त्यांच्या हाताखाली, कोर्समधला मजकूर तपासायला. वर्षअखेरपर्यंत. पुढचं पुढे.

२ मार्च, सोमवार
पहिला दिवस. बाईंनी आपल्या शेजारी माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. सॉफ्टवेअर कितपत येतं, असं विचारलं. थोडं, म्हणालो. त्यांनी माउस माझ्यापुढे सरकवला. मग म्हणालो, अजिबात नाही. बरं, म्हणाल्या, मग पहिल्यापासून करू.
दुपारपर्यंत फोल्डर करून त्यांना नावं द्यायला शिकलो.
तीन वाजता काका आले. बाईंनी बनवलेला कोर्स केला. मी शेजारीच बसलो होतो. मध्येच त्यांना एक शंका आली. त्यांनी मान वर केली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ती बाईंना विचारली.