एकमेकांची री

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठदुखी कशी आहे? माझी तब्येत ठीक. डोळे जाऊन तीन वर्षं झाली, त्यामुळे त्यांची तक्रार आता उरलेली नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस त्याला मात्र आज एकवीस दिवस झाले.

तुला ठाऊकच आहे, माझ्या संगणकात एक बाई बसवली आहे. पडद्यावरचं सगळं ती वाचून दाखवते, पण काय वाचावं आणि काय सोडावं याचा पोच तिला नाही. (तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. हाताखाली अशी बाई असती तर दुपारीच घरी पाठवली असती.) आत्याच्या कपाटावरून आपल्या घरात ईमेलवर जो पत्रव्यवहार झाला, त्याचा विषय ती 'री री री री कपाट' असा वाचते. खरंच आहे म्हणा, आपल्याकडे सगळे एकमेकांची रीच ओढतात. काका नुसतं 'बरं' लिहितात आणि खाली आधीची अकरा पत्रं शेपटासारखी लोंबत ठेवतात. जुन्या प्रत्येक ओळीआधी जी चिन्हं येतात ती बाई इमानेइतबारे वाचते, 'पेक्षा मोठे, पेक्षा मोठे, पेक्षा मोठे'. कोण कोणापेक्षा मोठं हे आपल्या घरात आजवर ठरलेलं नाही, ते तिनं ठरवायला घेतलंय. शिवाय वहिनींच्या सहीखालचा सुविचार, तो अकरा वेळा. ('मोजकेच बोला', असा आहे तो.)

त्या मंगळवारी तुझं पत्र आलं. बाईनं वाचायला घेतला तो काकांचा जुनाच प्रश्न, कपाट कधी हलवायचं? पुढे 'पेक्षा मोठे' सुरू झालं तसं मी तिचं तोंड बंद केलं आणि तुला उत्तर टाकलं, 'घाई काय आहे? पुढच्या महिन्यात बघू.'

तुझी ओळ त्या शेपटाखाली होती. 'दादा, आत्या सारखं तुझं नाव घेतेय, आजच ये.' ती मी ऐकली आत्या गेल्यावर चौथ्या दिवशी. आई गेल्यावर तिनंच मला लहानाचं मोठं केलं. माझं ते उत्तर कुणी तिला वाचून दाखवलं का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

'मी लिहिलं होतं,' एवढंच म्हणून तू फोन ठेवलास. लिहिलं होतंस, खरं आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि वाचायची ती ओळ नेमकी मीच सोडली. खूप रडलो. (डोळ्यांचं तेवढं एक काम अजून चालू आहे.)

तुझा,
दादा

ता. क. घरात सगळ्यांना सांग, नवं असेल ते वर लिहा, जुनं शेपूट कापा, बोलणं बदललं की विषयाची ओळही बदला.

ता. क. २. हे पत्र मी त्याच 'री री कपाट'ला उत्तर म्हणून पाठवतोय आणि खालचं शेपूट कापलेलं नाही. त्याच्या अगदी तळाशी, तुझ्या त्या ओळीच्या जरा वर, आत्याचं पहिलं पत्र आहे. 'कपाट थोरल्याला द्या, त्याचे कप्पे त्याला हातानं ठाऊक आहेत.' रोज सगळं 'पेक्षा मोठे' ऐकत मी तिथवर जातो.

ता. क. ३. तू उत्तर दे. वर, खाली, मधे, कुठंही लिही. शेवटपर्यंत ऐकेन.