सिकंदर हे नाव पुन्हा ठेवू नये

मी, सुभान फकीर शिकलगार, वय चोपन्न, धंदा हत्यारांना धार लावणे, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवतो. हात कापतो म्हणून मजकूर मारुतराव मास्तर लिहीत आहेत, शब्द माझे. माझी अक्कल शाबूत आहे. छाती मात्र नाही. तीस वर्षांची दगडाची भुकटी तिच्यात बसली आहे आणि डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर पाहतात.

१. माझे वारस दोन: पत्नी बिबीजान आणि थोरला मुलगा इलाही. धाकटा सिकंदर गेल्या वर्षी मृग लागल्यावर चारच दिवसांनी न्हावऱ्याच्या एसटी थांब्यावर कोयत्याने मारला गेला. त्याची बायको शहजादी दौंडला माहेरी आहे. तिला नववा लागला आहे. आमच्या कायद्याप्रमाणे एक मुलगा हयात असताना मेलेल्या मुलाच्या लेकराला आजोबाच्या मिळकतीत वाटा नाही. पण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मला हवे त्याला देता येते. तेवढ्यात बसणारी रस्त्याकडची खोली, पुढचा ओटा आणि मागचा लिंब मी त्या न जन्मलेल्या लेकराला देतो. मुलगा होवो वा मुलगी.

२. अट एकच. मुलगा झाला तर त्याचे नाव सिकंदर ठेवू नये. मास्तर म्हणतात, अशी अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. निदान घरात वाचली जाईल.

३. पलटणीतून आणलेली कांबळी बिबीजानला. आत्ताही ती तिच्याच अंगावर असते. तिने या अटीवरून माझ्याशी तीन दिवस अबोला धरला. तिचे म्हणणे, गेलेल्याचे नाव पुढच्या लेकराला द्यायचे ही आपल्याकडची रीत आहे. रीत मला मान्य आहे. पण इलाही माझ्या अंगणात चार माणसांदेखत काय बोलला ते तिनेही ऐकले आहे. "पोराला सिकंदरच म्हणायचं. आन् नाव ठेवायच्या दिवशी त्याच्या उशाखाली मी माझा सुरा ठेवणार. बोलायला यायच्या आदी त्याला कळू दे, कुणाला मारायचंय ते." लेकराच्या उशाशी लोखंड ठेवतात ते त्याला जपावे म्हणून. माझ्या मुलाने त्याचा हा अर्थ काढला.

४. महायुद्ध संपता संपता मी पलटणीबरोबर ग्रीस देशात होतो. तिथे एका गावात माझ्याच धंद्याचा एक म्हातारा भेटला. त्याचे नाव अनास्तासिस. आमच्यात भाषा नव्हती, पण दोघांना एकच चाक फिरवता येत होते. गावचा शाळामास्तर स्तेफानोस याला थोडी इंग्रजी येई, मला त्याहून थोडी. त्याने मला नावांचे अर्थ सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले. योर्गोस म्हणजे जमीन कसणारा. फिलिपोस म्हणजे घोड्यांवर जीव असलेला. स्तेफानोस म्हणजे डोक्यावरची फुलांची माळ. सोफिया म्हणजे शहाणपण, इरिनी म्हणजे शांतता. मी माझ्या मुलांची नावे सांगितली, तेव्हा तो मास्तर हसून म्हणाला, सिकंदर तर आमचाच. मूळ नाव अलेक्झांद्रोस. अरबीत नावाआधी 'अल' लावतात; अरबांनी हा 'अल' तोच समजून गाळला आणि उरलेले नाव तुमच्यापर्यंत आले. मी समजत होतो, सिकंदर म्हणजे जग जिंकणारा. तो म्हणाला, नाही, माणसांना राखणारा.

अनास्तासिसचा अर्थ मेलेला पुन्हा उठणे. त्या घरात हे नाव चार वेळा उठले होते. म्हाताऱ्याचा त्याच नावाचा चुलतभाऊ वैरात मारला गेला, म्हणून म्हाताऱ्याच्या मुलाला ते नाव. तोही मारला गेला, म्हणून नातवाला. नातू सोळा वर्षांचा होता. त्याने रविवारी देवळाच्या दारात शेजाऱ्याच्या पोटात सुरा घातला, आणि शेजाऱ्याच्या भावाने तिथेच त्याचे डोके बंदुकीने फोडले. त्याला चादरीत गुंडाळायला मी हात लावला. चेहरा उरला नव्हता, म्हणून आईने पायावरून ओळखला. आठ दिवसांनी त्या घरात मूल जन्मले. त्याचे नाव काय ठेवले हे मी लिहायची गरज नाही.

५. ती नावांची वही शहजादीला. मुलगी झाली तर इरिनी म्हणा असे मी सांगणार नाही, दौंडात पोरी तिला हसतील. अर्थ वाचावा आणि आपल्यातले नाव शोधावे.

६. माझे चाक, कुरुंदाचे दगड आणि पट्टा इलाहीला. त्यासोबत माझा गुन्हाही त्याच्या कानावर घालतो. तो म्हातारा धार लावण्याआधी प्रत्येकाला विचारी, "यती?" म्हणजे कशासाठी. मला हसू येई. आमच्या धंद्यात विचारत नाहीत. गिऱ्हाईक हत्यार देते, आपण धार देतो. मृग लागला त्या दिवशी न्हावऱ्याचा हौशीराम कोयता घेऊन आला. "चाचा, पार टोकापातुर लावा. ऊस तोडायचाय." मृगात ऊस तोडतो कोण? दिवाळी ते होळी तोडणी, हे शिरूरच्या शेंबड्या पोरालाही कळते. मलाही कळले. मी विचारले नाही. उलट टोकाला शेवटचे तीन हात उलटे मारले, ती माझी खोड आहे.

चार दिवसांनी हौशीराम तो कोयता घेऊन न्हावऱ्याच्या थांब्यावर आपल्या चुलतभावावर, गेणबावर धावला. बांधाचे भांडण. सिकंदर तिथे सुऱ्या विकायला बसला होता. तो मध्ये पडला. पहिला घाव हातावर घेतला. दुसरा मानेतून छातीपर्यंत उतरला. हाड आडवे आले तिथेही धार थांबली नव्हती. कोयता पोलिसांनी दाखवला तेव्हा मी टोक पाहिले आणि ओळखले. इलाही, यापुढे या चाकावर पाते टेकवण्याआधी विचारत जा.

मला कोणी साधू समजू नये. सात महिने मी रोज मनात हौशीरामला तोडतो आहे. कुठून सुरुवात करावी, कोणत्या सांध्यात पाते अडकत नाही, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. पण मी तोडला तर हौशीरामचा मुलगा इलाहीला तोडणार, आणि मग शहजादीच्या पोटातल्याचा नंबर.

७. आता गेणबा. ज्याच्यासाठी सिकंदर मेला तो हा. हौशीरामने त्याला बांध सोडून दिला आणि त्याने जबानी फिरवली. कोर्टात माझ्यासमोर म्हणाला, "म्या काय बघितलं न्हाई." दुसरे कोणी पुढे आले नाही, पुरावा नाही म्हणून हौशीराम सुटला. इलाहीने आईच्या डोक्यावर हात ठेवून मला सांगितले आहे, "गेणबानं एकदा लोकांदेखत खरं बोलावं, मग मी सुरा खाली ठेवतो. न्हाईतर त्याचंच मुंडकं आणतो." म्हणून या कागदाचा दुसरा साक्षीदार मी गेणबाला नेमला आहे. परवा एसटीने त्याच्या दारात गेलो.

"माझ्या कागदावर तुझी साक्ष पाहिजे."

"चाचा, मला नगा वडू. साक्षीचं लई भ्या वाटतंय."

"तू जिता आहेस, तेवढ्यासाठी ये."

त्याची बायको मुक्ताबाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "येतील. न्हाई आले तर मी येते. मी बी तितंच व्हते."

आज तो आला आहे. इलाही सुरा घेऊन दारात उभा आहे. एवढे लिहून मी सही करतो. पुढचे माझ्या हातात नाही.

स्थळ: शिरूर. शनिवार, दिनांक २० जानेवारी १९६२.
सही: सुभान फकीर शिकलगार

साक्षीदार पहिला आणि लिहिणार: मारुतराव बाबूराव धुमाळ, निवृत्त शिक्षक, शिरूर. सही.

साक्षीदार दुसरा: गेणबा, राहणार न्हावरे. "सुभानचाचांनी माझ्यासमोर सही केली, ती म्या बघितली. हौशीरामनं सिकंदरला कोयत्यानं तोडला, ते बी म्या बघितलं. घाव माझ्यावर व्हता. कोर्टात म्या खोटं बोललो." निशाणी डावा अंगठा.

टीप: साक्षीदाराचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून सर्वांसमोर दोनदा वाचून दाखवले. तोवर इलाही दारातच उभा होता. अंगठा उठल्यावर त्याने सुरा वडिलांच्या मांडीवर ठेवला आणि गेणबाच्या शेजारी खाली बसला. मा. बा. धुमाळ.